बुद्रुक आणि खुर्दच्या मधली सरहद्द

एकाच नावाची दोन गावे शेजारीशेजारी असली की आपल्याकडे मोठ्याला बुद्रुक आणि लहानाला खुर्द म्हणतात. स्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाला, युक्रेनच्या सीमेवर, याच पद्धतीने नावे पडलेली दोन गावे आहेत. स्लोव्हाक भाषेत ‘वेल्के’ म्हणजे मोठे आणि ‘माले’ म्हणजे लहान, तेव्हा वेल्के स्लेमेन्त्से आणि माले स्लेमेन्त्से यांना आपण बिनदिक्कत स्लेमेन्त्से बुद्रुक आणि स्लेमेन्त्से खुर्द म्हणू शकतो. दोन्हींची वस्ती एकमेकांना लागून आहे, दोन्हींकडे घराघरांतून हंगेरियन बोलली जाते आणि गावकऱ्यांच्या लेखी हे मुळात एकच गाव, ज्याला ते आपल्या भाषेत नुसते ‘सेल्मेन्त्स’ म्हणतात. फरक इतकाच की बुद्रुक आज स्लोव्हाकियात आहे आणि खुर्द युक्रेनमध्ये, आणि या दोघांना जोडणारा रस्ता १९४६ पासून २००५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साठ वर्षे, बंद होता.

बुद्रुकात पाचसहाशे आणि खुर्दात दोनशेच्या आसपास लोक राहतात. एवढ्याशा वस्तीकडे इतक्या दुरून पाहण्याचे कारण असे की देशाची सीमा ही काय वस्तू आहे, हे समजून घ्यायला यापेक्षा सोपे उदाहरण सापडणे कठीण आहे. नकाशावर आपल्याला एक रेष दिसते आणि तीच सीमा, असे आपण धरून चालतो. स्लेमेन्त्सेतली रेष १९४६ पासून जागची हललेली नाही, पण ती कोण ओलांडू शकतो, कोणता कागद दाखवून आणि किती पैसे मोजून, हे नियम एवढ्या वेळा बदलले की त्या एकाच रेषेच्या जागी निदान पाचसहा वेगवेगळ्या सीमा होऊन गेल्या, असे म्हटले तरी चालेल.

मुळात ही रेष तेथे आली कशी, ते आधी पाहू. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या हंगेरी राज्यात होता. युद्धात साम्राज्य हरले आणि मोडले. ४ जून १९२० रोजी झालेल्या ट्रियानोनच्या तहाने हंगेरीचा कितीतरी मोठा भाग शेजारच्या देशांना गेला, आणि नव्याने जन्मलेल्या चेकोस्लोव्हाकियाच्या दक्षिण पट्ट्यात लाखो हंगेरियन भाषक माणसे बसल्या जागी परदेशी झाली. स्लेमेन्त्सेची दोन्ही गावे त्यांत होती. पुढे २ नोव्हेंबर १९३८ रोजी जर्मनी आणि इटली यांनी व्हिएन्नात बसून दिलेल्या निवाड्याने हा पट्टा पुन्हा हंगेरीला मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत संघाची लाल सेना आली आणि हा निवाडा रद्द झाला. या भागात एक गोष्ट गमतीने सांगतात. एक म्हातारा म्हणतो, मी ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलो, चेकोस्लोव्हाकियात शाळेत गेलो, हंगेरीत लग्न केले, सोव्हिएत संघात नोकरी केली आणि आता युक्रेनमध्ये पेन्शन घेतो. ऐकणारा म्हणतो, बराच प्रवास झाला की तुमचा. म्हातारा म्हणतो, छे, मी गाव कधी सोडलेच नाही.

या सगळ्या उलथापालथीत दोन्ही गावे निदान एकत्र इकडून तिकडे गेली होती. ती वेगळी झाली ती सोव्हिएत संघामुळे. युद्धापूर्वी चेकोस्लोव्हाकियाच्या पूर्व टोकाला ‘पोडकार्पात्स्का रुस’ नावाचा प्रांत होता, जो आज युक्रेनचा झाकारपात्या प्रांत आहे. हा प्रांत कार्पेथियन पर्वताच्या अलीकडच्या, म्हणजे मध्य युरोपाच्या बाजूला उतरतो. तो हाती आला की मॉस्कोला पर्वत ओलांडून थेट हंगेरीच्या सपाटीवर पाय ठेवता येत होता, आणि चेकोस्लोव्हाकियाशीही थेट हद्द मिळत होती. २९ जून १९४५ रोजी मॉस्कोत झालेल्या कराराने चेकोस्लोव्हाकियाने हा प्रांत सोव्हिएत संघाच्या स्वाधीन केला.

करारातल्या वाक्यांवरून जमिनीवर खुणा करण्याची वेळ आली तेव्हा मात्र ताकदवानाची बाजू जड ठरली. चॉप नावाचे रेल्वे जंक्शन आणि त्याच्या आसपासची काही गावे युद्धापूर्वी या प्रांतात नसून स्लोव्हाकियाच्या कारभारात होती, तरीही ती सोव्हिएत बाजूला घेतली गेली. चॉप महत्त्वाचे का, हे रुळांवरून कळते. सोव्हिएत रेल्वेचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंदीचे आणि बाकी युरोपचे बहुतेक १,४३५ मिलिमीटरचे, त्यामुळे दोन्ही रुंदींचे रूळ जेथे भेटतात ते ठाणे ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती साऱ्या मालवाहतुकीची किल्ली. अशा मोठ्या हिशेबात शंभर-दोनशे घरांच्या गावाला कोण विचारतो? १९४६ मध्ये आखणीचे पथक स्लेमेन्त्सेत पोहोचले आणि बुद्रुक व खुर्दच्या मधून, वस्तीतून, रेष गेली. मोठे गाव चेकोस्लोव्हाकियात राहिले आणि धाकटे सोव्हिएत संघात गेले.

गावाच्या हद्दीला मराठीत शिव म्हणतात. शिव ओलांडण्यात काही विशेष नसते. माणसे रोज ओलांडतात, गुरे तर दिवसातून चार वेळा. येथे शिवेच्या जागी तारेचे कुंपण आले, त्यापुढे पावलांचे ठसे उमटावेत म्हणून नांगरून भुसभुशीत ठेवलेला जमिनीचा पट्टा आला आणि वरून नजर ठेवायला टेहळणीचे मनोरे आले. आईवडील एका बाजूला आणि लेकी दुसऱ्या बाजूला, भाऊ इकडे आणि त्याची शेती तिकडे, अशा ताटातुटी घरोघर झाल्या. आणखी एक तपशील क्वचितच सांगितला जातो, पण रोजच्या जगण्यात तो बोचणारा होता. खुर्द सोव्हिएत संघात गेल्यावर तेथे मॉस्कोची वेळ लागू झाली, त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन टोकांच्या घड्याळांत दोन तासांचे अंतर पडले.

दोन्ही बाजूंचे हाल सारखे नव्हते, हेही नोंदवायला हवे. झाकारपात्यातील हंगेरियन आणि जर्मन पुरुषांना १९४४ च्या नोव्हेंबरातच लाल सेनेने ‘थोडेसे काम’ आहे असे सांगून गोळा केले होते. रशियनमध्ये थोडेसे म्हणजे ‘मालेन्की’, आणि ‘मालेन्की रोबोत’ हा शब्द आजही त्या भागातल्या हंगेरियन कुटुंबांत हलक्या आवाजात उच्चारला जातो, कारण स्वाल्यावा येथील छावणीत आणि तेथून पुढच्या श्रमछावण्यांत नेलेल्यांपैकी कितीतरी जण परतले नाहीत. इकडे चेकोस्लोव्हाकियात ऑगस्ट १९४५ मध्ये अध्यक्ष एडवर्ड बेनेश यांच्या हुकुमाने जर्मनांबरोबर हंगेरियन लोकांचेही नागरिकत्व काढून घेतले गेले होते. म्हणजे रेष आखली जात असताना बुद्रुकातले लोक ज्या देशात उरले, त्या देशाच्या दफ्तरी ते त्याचे नागरिकही नव्हते. १९४८ मध्ये त्यांना नागरिकत्व परत मिळाले.

कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलणे हा गुन्हा ठरला. गावाने यावर काढलेली तोड मला या साऱ्या कथेत सर्वांत लक्षात राहण्यासारखी वाटते. हंगामात दोन्हीकडची माणसे आपापल्या शेतांत गवत कापायला, गोळा करायला जात. काम करता करता एखादी बाई नेहमीच्या लोकगीताची चाल धरी आणि त्या चालीवर स्वतःचे शब्द घाली: अमक्याच्या घरी मुलगा झाला, तमकी आजी गेली, तिची माती उद्या आहे. पलीकडच्या शेतातून तशाच चालीवर उत्तर येई. मनोऱ्यावरचा पहारेकरी ऐकत असे, पण त्याला हे शेतातले गाणे वाटे.

ही युक्ती चालली याचे कारण भाषाशास्त्रात आहे. स्लोव्हाक, युक्रेनियन आणि रशियन या तिन्ही स्लाव्ह कुळातल्या भाषा, म्हणून रशियन शिपायाला स्लोव्हाक गाण्यातले चार शब्द तरी पकडता आले असते, जसे हिंदी भाषकाला मराठी गाण्यातले येतात. हंगेरियन मात्र त्या कुळातलीच नव्हे, किंबहुना ती इंडो-युरोपीय भाषाही नाही. तिचे नाते लांबच्या फिनिश आणि एस्टोनियन भाषांशी आहे. दूरच्या प्रजासत्ताकांतून सक्तीच्या लष्करी सेवेवर आलेल्या कोवळ्या पोरांना तिचा एक शब्दही कळण्याची शक्यता नव्हती. ज्या भाषेमुळे या लोकांना दोन्ही देशांत संशयाने पाहिले गेले, तीच त्यांची सांकेतिक लिपी झाली.

पुढे पाहुण्यांच्या भेटीसाठी परवाने मिळू लागले, तरी त्यांची पद्धत विचित्र होती. निमंत्रण, अर्ज, चौकशी हे सारे पार पडले की माणसाने आपल्या गावातून निघून विष्ने नेमेत्स्के येथील नाक्यावर जायचे, तेथून सीमा ओलांडून उझहोरोड शहरात शिरायचे आणि मग उलट दिशेने खाली येत खुर्द गाठायचे. ज्या घराचा धूर आपल्या अंगणातून दिसतो त्या घरी पोहोचायला अशा तऱ्हेने दिवस मोडायचा.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि युक्रेन स्वतंत्र झाला; १ जानेवारी १९९३ रोजी चेकोस्लोव्हाकियाचेही दोन देश झाले. रेषेच्या दोन्ही बाजूंचे मालक बदलले, पण स्लेमेन्त्सेतले कुंपण तसेच राहिले. साम्यवादी राजवट गेली की सीमा खुल्या झाल्या, असा आपला ठोकळ समज असतो. बर्लिनपुरते ते खरे आहे. येथे मात्र उलटेच घडले, कारण स्लोव्हाकियाला युरोपीय संघात जायचे होते आणि संघात जायचे तर पूर्वेकडचे दार घट्ट लावून घेणे ही अट होती. म्हणून २००० मध्ये स्लोव्हाकियाने युक्रेनच्या नागरिकांना व्हिसा सक्तीचा केला. खुर्दातल्या माणसाला आता बुद्रुकातल्या सख्ख्या बहिणीकडे जाण्यासाठी आधी उझहोरोडच्या स्लोव्हाक दूतकचेरीत रांग लावावी लागे.

गावकऱ्यांनी मग आपले गाऱ्हाणे दूरवर नेले. २००३ मध्ये कुंपणाच्या दोन्ही बाजूंना एक लाकडी दरवाजा उभारण्यात आला. ट्रान्सिल्व्हेनियातल्या सेकेई या हंगेरियन समाजात घरापुढे किंवा गावाच्या तोंडाशी कोरीव नक्षीचा उंच लाकडी दरवाजा उभारण्याची परंपरा आहे. आपण त्याला वेस म्हणू. स्लेमेन्त्सेची वेस उभी चिरलेली आहे. तिचा अर्धा भाग बुद्रुकात आहे आणि उरलेला अर्धा खुर्दात, आणि दोन्ही जवळ आणल्याखेरीज दरवाजा पुरा होत नाही. २००४ मध्ये दोन्ही गावांचे प्रमुख अमेरिकेला जाऊन तेथील काँग्रेसच्या मानवाधिकार गटापुढे आपली बाजू मांडून आले. एवढ्याशा खेड्याची तक्रार वॉशिंग्टनला पोहोचल्यावर ब्रातिस्लाव्हा आणि कीव्ह यांनाही ती ऐकू आली, हे राजकारणाच्या रीतीला धरूनच झाले. अखेर २३ डिसेंबर २००५ रोजी, नाताळाच्या तोंडावर, गावात नाका सुरू झाला. तो फक्त पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी होता.

कथा येथे संपवण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु सीमेचा खरा स्वभाव येथून पुढे दिसतो. युक्रेनने २००५ मध्येच युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी व्हिसाची अट काढून टाकली होती, तर स्लोव्हाकियाने युक्रेनच्या नागरिकांवरची व्हिसाची अट कायम ठेवली होती. त्यामुळे नाका उघडल्याचा फायदा एका दिशेलाच मिळाला. बुद्रुकातला माणूस पासपोर्ट दाखवून दोन मिनिटांत खुर्दात जाऊ शकत होता, पण खुर्दातल्या माणसाला उलट यायचे तर व्हिसा हवाच होता, आणि व्हिसा मिळण्याची जागा उझहोरोडमध्येच होती.

या एकतर्फी दारातून आधी नातेवाईक गेले आणि त्यांच्या मागोमाग गिऱ्हाइके. स्लोव्हाकियाच्या मानाने युक्रेनमध्ये कपडे, दारू, चॉकलेट आणि विशेषतः सिगारेट फार स्वस्त, तेव्हा दोनशे वस्तीच्या खुर्दाच्या रस्त्यावर बघता बघता दुकानांची रांग लागली. पाट्या स्लोव्हाक आणि हंगेरियनमध्ये, भाव आधी स्लोव्हाक क्राऊनमध्ये आणि २००९ पासून युरोमध्ये. युक्रेनमधल्या बाजारात युक्रेनचे चलन विचारणारा सहसा कोणी नसे. दुकाने थाटणारे पुष्कळसे बाहेरून आले, मूळ गावकऱ्यांतल्या काहींनी आपली घरे आणि जागा विकल्या किंवा भाड्याने दिल्या. परतताना जकातीचा नियम आडवा येतो: या जमिनीवरच्या सीमेवरून स्लोव्हाकियात माणशी चाळीसच सिगारेट करमुक्त नेता येतात, म्हणजे दोन पाकिटे. अर्थात सगळेच दोन पाकिटांवर समाधान मानणारे नसतात. २०१२ मध्ये उझहोरोडजवळ सीमेखालून खणलेले सुमारे ७०० मीटर लांबीचे भुयार सापडले, ज्यात रूळ घालून छोटी गाडी चालवली जात होती आणि तिच्यातून मुख्यतः सिगारेटच येत होत्या. भावातला फरक जितका मोठा तितका कुंपणाखालून खणण्याचा खर्च परवडतो, एवढेच त्याचे गणित.

२१ डिसेंबर २००७ रोजी स्लोव्हाकिया शेंगेन क्षेत्रात सामील झाला. शेंगेन हा शब्द आपल्याकडे युरोपच्या सहलीमुळे सर्वांच्या तोंडी आहे, पण त्याची एकच बाजू आपण पाहतो. या व्यवस्थेत सामील देशांनी आपापसांतल्या सीमांवरची तपासणी बंद केली आहे. आतली दारे काढून टाकली की साहजिकच बाहेरच्या एका दारावर सगळ्यांची भिस्त येते. चाळीतल्या खोल्यांची दारे उघडी ठेवायची तर जिन्याचे दार पक्के हवे, तसेच. स्लेमेन्त्सेतला तो रस्ता अशा रीतीने पोर्तुगालपर्यंत पसरलेल्या साऱ्या क्षेत्राचे जिन्याचे दार बनला. स्लोव्हाकिया आणि युक्रेन यांची सीमा जेमतेम १०० किलोमीटरची, पण तिच्यावर पहारा, कॅमेरे आणि उपकरणे यांची जी भर पडली ती स्लोव्हाकियाच्या गरजेपुरती नव्हती. बुद्रुकातला तरुण विनातपासणी लिस्बनला जाऊ शकत होता. खुर्दातल्या त्याच्या मामेभावासाठी मात्र व्हिसाची फी ३५ युरो झाली होती, जी युक्रेनमधल्या त्या काळच्या पगाराच्या मानाने चांगलीच जड होती.

ही अडचण युरोपीय संघाच्या ध्यानात आलेली होती. सीमेला लागून राहणाऱ्यांना ‘स्थानिक सीमावाहतूक’ या नावाखाली वेगळा परवाना देण्याची सोय संघाच्या २००६ च्या नियमात आहे. सीमेपासून ३० किलोमीटरच्या, काही ठिकाणी ५० किलोमीटरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या शेजारी देशाच्या नागरिकाला असा परवाना मिळतो आणि त्यावर तो पलीकडच्या तेवढ्याच पट्ट्यात वारंवार ये-जा करू शकतो, त्यापुढे नाही. स्लोव्हाकिया आणि युक्रेनमध्ये असा करार २००८ मध्ये झाला. खुर्दातल्या लोकांना सर्वांत उपयोगी पडलेला कागद कदाचित हाच असेल, कारण गावाला एक गाव समजून केलेला तो पहिला नियम होता.

दरम्यान हंगेरीने एक वेगळाच कागद पुढे केला. २०१० मध्ये बुडापेस्टने कायदा बदलून परदेशात राहणाऱ्या हंगेरियन वंशाच्या लोकांना हंगेरीत न राहताही नागरिकत्व देऊ केले. स्लोव्हाकियाला हा आपल्या अंतर्गत बाबीत हस्तक्षेप वाटला आणि त्याच वर्षी त्याने उलटा कायदा केला, की जो दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मागून घेईल त्याचे स्लोव्हाक नागरिकत्व जाईल. परिणामी पूर्वजही तेच आणि भाषाही तीच असलेल्या दोन घरांपैकी खुर्दातल्या घरात हंगेरीचा पासपोर्ट येऊ शकला आणि बुद्रुकातल्या घराला तो घेणे परवडेना. युक्रेनचा कायदाही दुहेरी नागरिकत्वावर नाराजच होता, पण झाकारपात्यात अनेकांनी तो धोका पत्करला, कारण त्या पासपोर्टाने युरोपीय संघाचे दार उघडत होते. ११ जून २०१७ पासून युक्रेनच्या नागरिकांना चिप असलेल्या पासपोर्टावर नव्वद दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय शेंगेनमध्ये येता येऊ लागले आणि बहिणीकडे जाण्यासाठीचा व्हिसा संपला.

घड्याळांचा प्रश्न तेवढा राहिला आहे. युक्रेनची अधिकृत वेळ आता स्लोव्हाकियाच्या एक तास पुढे असते, पण झाकारपात्यातले हंगेरियन लोक घरच्या व्यवहारात आजही बुडापेस्टचीच वेळ पाळतात आणि तिला ‘स्थानिक वेळ’ म्हणतात. सरकारी कचेरी कीव्हच्या वेळेने उघडते, तर दुपारचे जेवण स्थानिक वेळेने होते. भेटीची वेळ ठरवताना कोणती वेळ, असे विचारून घेण्याची तेथे सवयच आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले तेव्हा स्लोव्हाकियाकडे जाणारे रस्त्यावरचे नाके तीनच होते: उब्ल्या, विष्ने नेमेत्स्के आणि हा पायवाटेचा, वेल्के स्लेमेन्त्सेचा. सायकली आणि सिगारेटींसाठी ओळखल्या जाणाऱ्या नाक्यातून बाया, मुले आणि म्हातारी माणसे चाकांच्या बॅगा ओढत येऊ लागली आणि बुद्रुकात त्यांच्यासाठी तंबू, गरम चहा आणि पुढे नेणाऱ्या गाड्या उभ्या राहिल्या. युद्ध सुरू होताच युक्रेनने लष्करी कायदा पुकारून १८ ते ६० वयाच्या पुरुषांना, काही अपवाद वगळता, देश सोडण्यास मनाई केली. २०२५ च्या ऑगस्टात २२ वर्षांपर्यंतच्या तरुणांना त्यातून मोकळीक मिळाली. २००० पासून २०१७ पर्यंत पलीकडे जाण्याची आडकाठी बुद्रुकाच्या बाजूच्या नियमांनी केली होती. आता ती खुर्दाच्या बाजूने आहे. खुर्दातली आई मुलांना घेऊन बुद्रुकात माहेरी जाऊ शकते, तिचा नवरा चिरलेल्या वेशीच्या आपल्या अर्ध्या भागापर्यंत सोबत येतो आणि तेथे थांबतो.